झिरझिरीत कापडाची पारख

ड्रेस शिवायला येणाऱ्या मुली हल्ली कापडाचं नाव ठरवूनच येतात. ‘काकू, मला ऑर्गन्झाच हवाय.’ ‘शिफॉनचा शिवा, पण घेर मोठा ठेवा.’ सोबत फोनवर फोटो असतो. फोटोतली मुलगी उभी असते, वारा एका बाजूने येत असतो आणि ड्रेस छान फुललेला असतो. त्या फोटोतल्या कापडाला रिक्षात चढायचं नसतं, पंगतीत बसायचं नसतं, घामाशीही त्याची गाठ पडायची नसते. माझ्यासमोरच्या मुलीला मात्र हे सगळं करायचं असतं. म्हणून मी आधी कापडाचा विषयच काढत नाही. कार्य कुठे आहे, कुठल्या महिन्यात, हॉलला एसी आहे का, ड्रेस किती तास अंगावर राहणार, नंतर तो घरी धुणार की लाँड्रीत देणार, हे विचारते. मुली थोड्या बुचकळ्यात पडतात. पण या प्रश्नांची उत्तरं मिळाली की कापडाचा निम्मा निर्णय झालेला असतो.

डोंबिवलीत गेली अनेक वर्षं मी बायकांचे कपडे शिवते. पॉपलीन, खादी, खण, इरकल, रॉ सिल्क, सगळं मशीनखालून गेलं. पण शिवणकाम म्हणजे काय हे मला खऱ्या अर्थाने झिरझिरीत कापडांनी शिकवलं. जाड कापड बऱ्याच गोष्टी पोटात घालतं. शिवणीची माया आत दडते, टीप थोडी वाकडी गेली तरी इस्त्रीत बसते, कडा इंटरलॉक केल्या की काम झालं. शिफॉन, जॉर्जेट, ऑर्गन्झा, चंदेरी, व्हॉइल यांत असं काही चालत नाही. आतली बाजू बाहेरून दिसते. शिवण किती रुंद आहे, दोरा कुठे संपवला, अस्तर कुठे सुरू झालं, उजेडात उभं राहिलं की सगळं डोळ्यांसमोर. अशा कापडाची निवड करताना आपण त्यावर होणारं कामही निवडत असतो. यातलं सगळ्यात चांगलं कापड कुठलं, या प्रश्नाला म्हणूनच माझ्याकडे उत्तर नाही. ड्रेस कुठे ताठ उभा राहायला हवा, कुठे अंगावरून पडायला हवा आणि त्याच्या खाली काय असणार, एवढं ठरलं की कापडाचं नाव आपोआप पुढे येतं.

कापड घ्यायला मी शक्यतो गिऱ्हाइकाला बरोबर घेऊन मंगलदास मार्केटला जाते. सीएसएमटीला उतरून चालत गेलं की त्या छपराखालच्या गल्ल्या लागतात. दोन्ही बाजूंना ताक्यांच्या भिंती. काउंटरवर दुकानदार एकावर एक ताके उलगडत जातो आणि ट्यूबच्या उजेडात सगळीच कापडं सुंदर दिसायला लागतात. तिथे मी डोळ्यांआधी हाताचं ऐकते. ताक्यावरचं मीटरभर कापड सोडवून घेते, किनारीजवळ दोन बोटांत धरते आणि खाली लोंबू देते. शिफॉन असेल तर ते सरळ खाली येतं, चिमटीपाशी बारीक चुण्या पडतात आणि खालचं टोक जरासं हललं तरी थरथरतं. जॉर्जेटही पडतं, पण वजनाने पडतं. चुण्या थोड्या जाड, गोलसर होतात आणि हलवलं की उसळून जागेवर येतात. ऑर्गन्झा पडतच नाही. तो चिमटीपासून बाहेर फाकतो आणि हवेत आपला आकार धरून राहतो. चंदेरी या पडणाऱ्या आणि उभ्या राहणाऱ्या कापडांच्या मधली. आधी ताठ वाटते, पण काही वेळ अंगावर राहिली की नमते. मग तेच कापड तिरकं, उरेब धरून लोंबवते. उभ्या धाग्यावर शहाण्यासारखं वागणारं शिफॉन उरेबमध्ये लांबत जातं. घेरदार ड्रेसचा घोळ पुढे कुठे खाली उतरेल, हे तिथेच कळतं.

ही कापडं अशी का वागतात, याचं मूळ धाग्यात आहे. शिफॉन आणि जॉर्जेट दोन्हींची वीण साधीच, एक धागा वर, एक खाली. सगळी करामत पिळाची. दोन्हींत धाग्याला खूप जास्त पीळ दिलेला असतो, आणि डावा पीळ व उजवा पीळ असे धागे आलटून पालटून विणलेले असतात. पीळ उलगडायला बघतो, शेजारचा धागा त्याला उलट ओढतो आणि या ओढाताणीतून कापडावर बारीक कण उमटतात. शिफॉनचा धागा जास्त बारीक आणि वीण विरळ, म्हणून ते हलकं आणि आरपार दिसणारं. जॉर्जेटचा धागा त्याहून भरीव, कण ठळक, म्हणून ते थोडं झाकतं आणि शिवताना थोडं ऐकतंही. रेशमाचं वजन मोमे या मापात सांगतात. एक मोमे म्हणजे चौरस मीटरला साधारण ४.३४ ग्रॅम. रेशमी शिफॉन बहुधा ६ ते ८ मोमेचं असतं, जॉर्जेट ८ ते १२. आकड्यांत फरक थोडा दिसतो, पण पाच-सहा मीटरचा घेर अंगावर आला की तो चांगलाच जाणवतो.

ऑर्गन्झाचं कारण वेगळं. रेशमाच्या किड्याने काढलेल्या तंतूवर निसर्गतः डिंकासारखा एक थर असतो, सेरिसिन. कच्च्या रेशमाच्या वजनात त्याचा वाटा २० ते ३० टक्के. नेहमीच्या रेशमात धागा उकळून तो काढून टाकतात, तेव्हा रेशीम मऊ होतं. ऑर्गन्झात तो ठेवतात आणि त्यातूनच तो ताठपणा येतो. चंदेरीतही ताण्याचं रेशीम असं न उकळलेलंच वापरतात. तिची ती झळाळी, तो पारदर्शकपणा आणि हाताला लागणारी किंचित कडकी तिथून येते. चंदेरी हे पूर्वी ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या राज्यात असलेलं विणकरांचं गाव. त्यामुळे मराठी घराण्यांच्या कपाटांत ही साडी पिढ्यान्‌पिढ्या आहे. आज माझ्याकडे आजीची चंदेरी घेऊन ड्रेस शिवायला येणाऱ्या मुलीही असतात. ती घडी उघडताना मी फार जपून उघडते. जुन्या रेशमाच्या घडीच्या रेषेवर धागे तुटायला आलेले असतात. त्या रेषा टाळूनच कळ्या कापाव्या लागतात.

शिफॉनशीही मराठी घराचं नातं आहे, आणि ते मला नेहमी विलक्षण वाटतं. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची मुलगी इंदिराराजे १९१३ साली लग्न करून कूचबिहारला गेली. १९२२ मध्ये पती जितेंद्र नारायण गेले, तेव्हा ती तिशीची होती. त्या काळच्या विधवेने पांढरं नेसायचं. तिने पांढरंच नेसलं, पण फ्रान्सहून शिफॉन मागवून त्याच्या साड्या केल्या. पुढे फिकट रंगांचं शिफॉन आणि त्यावर मोत्यांचा सर ही राजघराण्यांतल्या स्त्रियांची ओळख झाली. तिची मुलगी गायत्रीदेवी, जयपूरची महाराणी, हिने ती जगभर नेली. १९८९ च्या ‘चांदनी’ सिनेमानंतर शिफॉनची साडी तर मध्यमवर्गीय घरांतल्या मुलींच्याही स्वप्नात आली. नऊवारी, पैठणी, जरीकाठ यांच्या जडपणात वाढलेल्या एका मराठी राजकन्येने अंगावर वजनच नसलेलं वस्त्र आपलंसं केलं. दुःखाच्या काळात दिलेल्या एका रंगातून तिने स्वतःची प्रतिष्ठा उभी केली. शिफॉन हातात घेतलं की मला तिची आठवण येते. हलकं कापड म्हणजे हलक्यातलं कापड नव्हे, हे तिने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं.

आज बाजारातलं बहुतेक शिफॉन आणि जॉर्जेट सुरतेहून येतं आणि ते पॉलिएस्टरचं असतं. दुकानात ‘साठ ग्रॅम जॉर्जेट’, ‘फॉक्स जॉर्जेट’ म्हणून दाखवतात ते हेच. त्याला नाव ठेवायचं माझ्या मनात नाही. त्याच्यामुळे महिन्याच्या पगारात घर चालवणाऱ्या बाईलाही घेरदार ड्रेस शिवता आला. ते आटत नाही, रंग सोडत नाही, चुरगळत नाही, घरी धुता येतं. पण घामाच्या बाबतीत ते परकंच राहतं. नेहमीच्या दमट हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा शोषून घेतो, रेशीम ११ टक्के, व्हिस्कोज त्याहून थोडा जास्त. पॉलिएस्टर अर्धा टक्काही घेत नाही. मुंबईच्या किंवा कोकणच्या मे महिन्यात हा आकडा पाठीवर जाणवतो. म्हणून ‘प्युअर आहे’ असं दुकानदाराने सांगितलं तरी मी कापलेल्या कडेचे दोन धागे मागून घेते आणि बाहेर येऊन काडी लावते. रेशीम जळताना केस जळाल्याचा वास येतो आणि राख चिमटीत चुरते. कापूस व व्हिस्कोज कागदासारखे जळतात. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. गिऱ्हाइकाने रेशमाचे पैसे मोजायचे असतील तर तिला रेशीमच मिळायला हवं, एवढा माझा आग्रह असतो.

एका करवलीचा ड्रेस मला इथे सांगायचा आहे, कारण या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्या एका ड्रेसमध्ये द्यावी लागली. मोठ्या बहिणीचं लग्न मेच्या मध्यावर, अलिबागजवळ नागावला, नारळाच्या वाडीत. गोरज मुहूर्त. मुलीला पायघोळ, भरपूर घेराचा, ऑर्गन्झाचा ड्रेस हवा होता. मी म्हटलं, ‘अगं, तू करवली आहेस. तुझ्या हातात दिवा असणार, तू ताईच्या मागे तासभर उभी राहणार, मग होमाशी बसणार, मग पाहुण्यांत धावपळ करणार. ऑर्गन्झाचा घेर बसलं की मोडतो आणि मोडलेली घडी इस्त्रीशिवाय जात नाही.’ तिची आई म्हणाली, ‘मग शिफॉन घेऊ या का, ताई?’ शिफॉन पडलं असतं छान. पण समुद्राच्या दमट हवेत पॉलिएस्टरचं शिफॉन अंगाला चिकटतं आणि रेशमी शिफॉनचे सहा मीटर त्यांच्या हिशेबात बसत नव्हते. मुलीचा चेहरा उतरला. तिला ऑर्गन्झाचं नेमकं काय आवडतं, असं मी विचारलं. ती थोडा विचार करून म्हणाली, ‘काकू, ते खांद्यावर उभं राहतं ना, ते.’

तिथे मार्ग सापडला. तिला सगळा ड्रेस उभा राहिलेला नको होता. खांदे आणि बाह्या उभ्या हव्या होत्या. मग आम्ही घेरासाठी व्हिस्कोजचं डायेबल जॉर्जेट घेतलं, पांढरं, रंगवून घ्यायचं. ते घाम शोषतं, अंगावरून वजनाने पडतं आणि बसून उठलं की आपोआप सरळ होतं. बाह्यांना रेशमी ऑर्गन्झा, फक्त दीड मीटर, म्हणजे खर्चही आवाक्यात. दोन्ही कापडं एकाच डाईवाल्याकडे डाळिंबी रंगात रंगवली. रेशीम आणि व्हिस्कोज रंग एकसारखा घेत नाहीत, ऑर्गन्झा एक छटा उजळ आला. तो मुद्दाम तसाच ठेवला. बाहीला चुण्या घेतल्या की थर वाढतात आणि रंग गडद दिसतो, त्यामुळे दोन्ही जुळून आले. बाहीची लांबी मात्र मी कोपरापर्यंतच ठेवली आणि खाली घट्ट पट्टी घेतली. हातात शकुनाचा दिवा आणि पुढे होम असताना लोंबती झिरझिरीत बाही मी कधीच देत नाही. त्यात ती कृत्रिम धाग्याची असेल तर आग लागल्यावर वितळून कातडीला चिकटते. हे मी प्रत्येक करवलीला आणि नवरीला स्पष्ट सांगते. दिसण्यातलं थोडं कमी झालं तरी चालेल.

झिरझिरीत ड्रेसमध्ये अस्तर हे दुय्यम नसतं. खरं तर तो दोन कापडांचा ड्रेस असतो आणि खालचं कापड वरच्याइतकंच विचारपूर्वक निवडावं लागतं. दुकानात मी जॉर्जेटखाली वेगवेगळ्या अस्तरांचे तुकडे सरकवून दाराशी, दिवसाच्या उजेडात नेऊन बघते. त्याच रंगाचं अस्तर घातलं की वरचा रंग भरतो. पांढरं घातलं की तो फिका, दुधाळ होतो. एक छटा गडद घातलं की खोली येते. अंगाच्या रंगाचं अस्तर असेल तर लांबून अस्तर नाहीच असं वाटतं, म्हणून ते हवं की नको हे घालणारीने ठरवायचं, मी नाही. करवलीच्या ड्रेसला वर, छातीपासून कमरेपर्यंत, सुती मलमल लावली, घाम टिपायला. कमरेखाली क्रेपचं अस्तर, कारण सुती अस्तर चालताना पायांना धरतं आणि वरचा घेर अडखळतो. हा बदल बाहेरून कुणालाच दिसत नाही. पण सहा तास ड्रेस घालून धावपळ करणाऱ्या मुलीला तो कळतो.

आणखी एक गोष्ट अस्तर करतं. शिफॉन, ऑर्गन्झा आणि विशेषतः चंदेरी, या कापडांत ताण पडला की शिवणीपाशी धागे बाजूला सरकतात. टीप तुटत नाही, कापडही फाटत नाही, पण शिवणीच्या कडेने जाळी दिसायला लागते. पाठीवर, मुंढ्यात, कमरेवर हे हमखास होतं. चंदेरीचा घट्ट ब्लाउज दोनदा घातला की पाठीवर उसवल्यासारखा दिसतो तो यामुळेच. त्यामुळे अंगाबरोबरचा भाग असेल तर मी वरचं कापड आणि अस्तर आधी कच्च्या धावदोऱ्याने एकत्र टाचते आणि दोन्हींना एकच कापड समजून शिवते. सगळा ताण अस्तरावर जातो, वरचं कापड निवांत राहतं. शिवाय त्यात थोडी ढिलाई ठेवते. ‘काकू, अजून फिट करा ना’ असं मुली म्हणतात, तेव्हा मी त्यांना चंदेरीची ती जाळी पडलेला तुकडा दाखवते. मग त्या आग्रह धरत नाहीत.

व्हिस्कोज जॉर्जेट कापण्याआधी भिजवलंच पाहिजे. घट्ट पिळाचा धागा पाणी लागलं की आखडतो आणि कापड चांगलंच आटतं. शिवल्यावर पहिल्या धुण्यात ते आटलं आणि अस्तर नाही आटलं, की घोळाखालून अस्तर डोकावतं. ओल्या व्हिस्कोजची ताकदही कमी होते, म्हणून ते पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपायचं आणि आडवं वाळवायचं. मग कापायचं. गुळगुळीत टेबलावर हे कापड पाऱ्यासारखं पळतं. मी टेबलावर जुनी सुती चादर अंथरते, तिच्यावर पातळ कागद आणि कागदावर कापड. किनार कागदाच्या सरळ कडेशी जुळवून टाचण्या मायेच्या आतच लावायच्या, कारण बारीक कापडात टाचणीचं भोकही दिसतं. उभा धागा सरळ आहे का हे बघायला एक आडवा धागा हलकेच ओढून काढते. तो जिथून निघतो तिथे एक बारीक रेघ उमटते. तीच खरी सरळ रेषा. दुकानात कात्रीने कापून दिलेली कड कधीच सरळ नसते. मग कापड आणि कागद दोन्ही एकदम कापते, कात्री न उचलता, लांब लांब. या टप्प्यावर मी कुणाशी बोलत नाही.

मशीनला नवी ९ नंबरची सुई. जुन्या सुईचं टोक जरासं बोथट असलं तरी धागा ओढला जातो आणि कापडावर आडवी ओढ दिसते. ती कायमची. टाका बारीक, ताण कमी. शिवण सुरू करताना वरचा आणि बॉबिनचा दोन्ही दोरे मागे धरून ठेवायचे, नाहीतर कापड प्लेटच्या भोकात ओढलं जातं. सुरुवातीला आणि शेवटी मशीन उलटं चालवून टीप पक्की करायची नाही. तिथे गाठोडं होतं आणि उजेडात ठिपक्यासारखं दिसतं. दोरे लांब सोडून हाताने गाठ मारायची. बाजूच्या शिवणी फ्रेंच पद्धतीने. आधी उलट्या बाजू एकमेकींना लावून कडेजवळ टीप, मग माया अगदी बारीक कापायची, कापड उलटून दुसरी टीप, म्हणजे सुटे धागे आत बंद होतात. बाहेरून फक्त एक सडपातळ, सारखी रेघ दिसते. ऑर्गन्झात ती रेघ इतकी स्पष्ट उमटते की तीच नक्षी होते. म्हणून बाहीवरच्या शिवणी मी जिथे तिथे येऊ देत नाही, त्यांची जागा आधी आखते.

घोळ सगळ्यात शेवटी. कळ्या जोडून झाल्या की ड्रेस हँगरला रात्रभर टांगून ठेवते. जिथे जिथे उरेब आहे तिथे कापड आपल्या वजनाने खाली उतरतं आणि सकाळी घोळ वरखाली झालेला असतो. मग मुलीला बोलावते, लग्नात घालणार त्याच चपला घालून उभी करते आणि जमिनीपासून पट्टीने मोजत गोल फिरते. आदल्या दिवशी टेबलावर कितीही नीट मापलं तरी खरा घोळ हाच. जॉर्जेटला मी बारीक दुमड घालून शिवते. घाई असेल तर पिको. ऑर्गन्झाच्या झालरीला लाटा हव्या असतील तर पिकोत तंगूस घालते. पण घोळ एका रात्रीची उसंत न देता कधी पूर्ण करत नाही, मग गिऱ्हाईक कितीही नाराज होवो.

या कामाला वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे पडतात, हे बोलायला बायका संकोचतात, शिवणाऱ्याही आणि शिवून घेणाऱ्याही. दोनशे रुपये मीटरच्या कापडावर शिलाई दोन हजार कशी, असं विचारलं जातं. कापड स्वस्त असलं तरी ते कापायला, टाचायला, दोनदा शिवायला, हाताने गाठी मारायला लागणारे तास कमी होत नाहीत. उलट सगळ्यात स्वस्त, निसरडं शिफॉन शिवायला सगळ्यात जास्त वेळ घेतं. माझ्याकडे हाताखाली काम करणाऱ्या बायका यात तयार झाल्या आहेत. त्यांच्या बोटांना जे येतं ते शिकायला वर्षं जातात. त्याचं मोल सांगताना मी आवाज खाली करत नाही. ज्यांना तेवढा खर्च करायचा नसतो, त्यांना मी जॉर्जेटचा साधा, कमी शिवणींचा नमुना सुचवते. सरळ घेर, चुण्यांची कंबर, साधं अस्तर. तोही तितकाच देखणा होतो, कारण कापडाला त्यात मोकळं पडायला मिळतं.

लग्नकार्याबाहेरही या कापडांना जागा आहे, आणि ते काम मला मनापासून आवडतं. जन्मभर साडी नेसलेल्या, साठी ओलांडलेल्या एक काकू माझ्याकडे आल्या. त्यांना परदेशातल्या मुलाकडे जायच्या आधी दोन ड्रेस शिवून हवे होते, पहिलेवहिले. हात झाकलेले हवेत, अंगाला लागता कामा नये, उकडता कामा नये आणि ‘मी बावळट दिसता कामा नये’. त्यांच्यासमोर मी शिफॉन काढलंच नाही. सुती व्हॉइल ठेवलं आणि कोटा डोरिया. कोट्याजवळच्या कैथून गावात विणकर सूत आणि रेशीम मिळून चौकटीची ही वीण विणतात. त्या बारीक चौकड्यांना ते ‘खत’ म्हणतात. चौकडीच्या जाड रेषा कापडाला सावरतात आणि मधल्या विरळ जागेतून वारा खेळतो. काकूंनी कोटा हातावर घेतला आणि म्हणाल्या, ‘हे तर आपल्या उन्हाळ्याचं आहे.’ व्हॉइलला दुहेरी थर घेतला, अस्तर वेगळं लावलंच नाही. व्हॉइलही घट्ट पिळाच्या बारीक सुताचं असतं, त्यामुळे दोन थर एकावर एक आले की कापड झाकतं आणि तरी हवा अडत नाही. कोट्याच्या बाह्या पाऊण, एकेरी, उजेडात हाताची रेषा पुसट दिसेल अशा. आरशासमोर त्या पाठ सरळ करून उभ्या राहिल्या, पदर सावरायला हात खांद्याकडे गेला आणि तिथे पदर नाही हे लक्षात आल्यावर मोकळेपणाने हसल्या.

मुलींनी ऑर्गन्झाच मागावा, शिफॉनच मागावं, त्यात वावगं काही नाही. आवडीनेच कापडाकडे जावं. पण आवड सांगताना तिला कापडाचं नाव देण्याऐवजी काय हवंय ते सांगावं. खांद्यावर उभं राहणारं, चालताना मागे रेंगाळणारं, गार लागणारं, झाकणारं, उजेड आत घेणारं. तेवढं सांगितलं की शिवणारीला वाट दिसते, कधी एकाच ड्रेसमध्ये तीन कापडं येतात आणि तिन्ही आपापल्या जागी शोभतात. दुकानात गेल्यावर कापड लोंबवून बघावं, चुरगळून बघावं, दाराशी उजेडात न्यावं, अस्तरासकट बघावं, आणि शिवायला पुरेसे दिवस हाताशी ठेवावेत. झिरझिरीत कापड काही लपवत नाही, म्हणून त्याच्याशी व्यवहार सरळ ठेवावा लागतो. त्याच्या धाग्याला झेपेल तेवढंच त्याच्याकडून मागायचं आणि उरलेला भार अस्तराने आणि शिवणीने उचलायचा. असा शिवलेला ड्रेस घालणारीला दिवसभर सावरावा लागत नाही. ती आपल्या कामात आणि आनंदात मोकळी राहते, आणि माझ्या मते चांगल्या शिवणीचं माप हेच.